पहिला टोड लहान असला पाहिजे: घोरपड, मगर आणि क्वोलला केन टोड टाळायला कसं शिकवायचं

उत्तर ऑस्ट्रेलियातला किम्बर्ली भाग, नदीचा काठ, आणि पिवळ्या ठिपक्यांची एक घोरपड, चांगली वाढलेली, शेपटीसकट दीड मीटरच्या आसपास. ओल्या वाळूत जीभ आतबाहेर करत फिरतेय. दगडाआड तिला एक गुबगुबीत बेडूक दिसतो. तो पळत नाही, उडीही मारत नाही, नुसता बसून असतो. आयुष्यभर तिने बेडूकच खाल्लेत त्यामुळे शंका यायचं काही कारणच नाही. ती त्याला तोंडात धरते, जबड्याचा दाब पडतो, आणि त्या बेडकाच्या, म्हणजे केन टोड या बाहेरून आणलेल्या विषारी बेडकाच्या, डोक्यामागच्या दोन फुगीर गाठींमधून दुधासारखं पांढरं विष बाहेर येतं. हे विष थेट हृदयावर जातं. बऱ्याचदा घोरपड तिथून फार लांब जाऊच शकत नाही.

आता तीच घोरपड, तोच काठ, फक्त टोड अंगठ्याच्या नखाएवढा. गिळते. थोड्या वेळाने तिला मळमळायला लागतं, उलटी होते, तोंड वाळूत घासत बसते, अंग टाकून पडून राहते. पण जगते. आणि पुढे कधी मोठा टोड समोर आला की जीभ लावते, वास ओळखते आणि वळून चालायला लागते.

सगळी पद्धत म्हणजे एवढंच आहे बघा. टोड येणार ते आता कोणी थांबवू शकलेलं नाही, पण त्या प्राण्याच्या आयुष्यातला पहिला टोड कुठला असेल हे माणसाला ठरवता येतं. खाली जे लिहिलंय ते सगळं हा पहिला टोड लहान आणि सोसवेल असा कसा आणायचा त्याबद्दल आहे. आणि आधीच सांगतो, हे एकट्याने गुपचूप करायचं काम नाही, परवानगीशिवाय तर अजिबात नाही, त्यावर खाली येतोच.

आधी थोडं मागचं, कारण ते कळल्याशिवाय पुढची कुठलीच पायरी नीट लागत नाही. १९३५ साली हवाईहून शंभरेक केन टोड क्वीन्सलंडमध्ये आणले, उसाचं नुकसान करणारे भुंगे खातील म्हणून. भुंगे काही कमी झाले नाहीत, टोड मात्र पसरत सुटले. एक मादी एका वेळी हजारो अंडी घालते, तीस हजारांपर्यंतसुद्धा. २००१ मध्ये ते काकाडू नॅशनल पार्कमध्ये पोचले, २००९ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडली, आणि पश्चिमेकडे टोडांची ही पुढे सरकणारी आघाडी वर्षाला ४० ते ६० किलोमीटर सरकत गेली. ऑस्ट्रेलियात टोडच्या कुळातला मूळचा एकही प्राणी नाही. आशियातल्या घोरपडी लाखो वर्षं टोडांच्या शेजारी राहिल्यात, त्यांच्या शरीरात या विषाला तोंड देणारा बदल झालेला आहे, ऑस्ट्रेलियातल्या घोरपडींना तशी वेळच कधी आली नव्हती. म्हणून टोड आल्यावर काही ठिकाणी या घोरपडी ९० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी ऐकली तेव्हा मला हे सगळं प्रकरण पहिल्यांदा नीट उमगलं. आघाडीवर आधी जे टोड येतात ते मोठे असतात. लांब पायांचे, दमदार, रात्रीत लांबचा पल्ला मारणारे. पिल्लं नंतर, म्हणजे हे मोठे स्थिरावले, पाण्यात अंडी घातली, त्यातून पिल्लं बाहेर पडली की मग. म्हणजे जी पिल्लं खाऊन प्राणी शिकू शकला असता ती येईपर्यंत तो प्राणी मेलेला असतो. शाळा उघडायच्या आधीच परीक्षा, आणि तीही जिवावरची.

प्राणी शिकतो म्हणजे नेमकं काय होतं

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, हे आपण माणसांबद्दल म्हणतो, पण जनावरांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. एखादी गोष्ट खाल्ली आणि नंतर पोट ढवळलं की मेंदू त्या चवीशी आणि वासाशी गाठ मारून ठेवतो. १९५०च्या दशकात जॉन गार्सिया या शास्त्रज्ञाने उंदरांवर हे दाखवलं, गोड पाणी प्यायल्यावर त्यांना किरणोत्सर्गामुळे मळमळलं आणि नंतर ते त्या गोड पाण्याला तोंड लावेनात. यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. एक म्हणजे बऱ्याचदा एकच वेळ पुरते. दुसरी म्हणजे त्रास लगेच व्हावा लागत नाही, काही तासांनी झाला तरी पोट बरोबर आठवतं की गडबड कशाने झाली.

पण मळमळ व्हायला हवी, हे लक्षात ठेवा. नुसतं दुखलं, शॉक बसला, मोठा आवाज झाला तर प्राणी ती जागा टाळेल, खाणं टाळेलच असं नाही. आणि आमिषाला टोडचाच वास आणि टोडचीच चव हवी. कोंबडीच्या मांसात औषध घालून दिलंत तर प्राणी कोंबडी सोडेल आणि टोड खाऊन मरेल.

वेळ आणि जागा

टोड पावसाळ्यात सरकतात, तिकडचा पावसाळा म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तर काम आघाडी पोचायच्या आधी, पण फार आधी नाही. खूप लवकर शिकवलं आणि मग दोन-तीन वर्षं टोड आलाच नाही तर प्राणी विसरू शकतो, शिवाय त्या दरम्यान जन्मलेली पिल्लं काहीच शिकलेली नसतात. उशीर केला तर शिकवायला कोणी उरलेलंच नसतं. त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात टोड इथे येणारच असं जिथे नक्की वाटतंय, तीच जागा.

मगरींचं गणित थोडं वेगळं आहे. गोड्या पाण्यातल्या मगरी कोरड्या दिवसांच्या शेवटी आटत चाललेल्या डोहांत दाटीवाटीने जमतात, खायला फारसं काही उरलेलं नसतं, आणि नेमके त्याच वेळी टोडसुद्धा अंग ओलं करायला त्याच डोहावर येतात. भुकेली मगर आणि समोर रांगेत बसलेले टोड. मगरी मरतात त्या प्रामुख्याने याच दिवसांत, म्हणून त्यांचं शिक्षण याच्या आधी उरकायला हवं.

परवानगीचा विषय इथेच घेतो. राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना, प्राण्यांवरच्या प्रयोगांची एथिक्स कमिटी, औषधाचा डोस ठरवायला पशुवैद्य, आणि या सगळ्याच्या आधी ज्यांची ती जमीन आहे त्या मूळ लोकांची संमती. किम्बर्लीत बुनुबा, बालांगारा असे समाज आहेत आणि त्यांचे रेंजर्स हे काम स्वतः करतात. हे फक्त कागदी सोपस्कार म्हणून सांगत नाहीये. बालांगारा रेंजर्सबरोबर घोरपडींवर जे काम झालं त्यात असं दिसलं की रेंजर्सच्या नजरेला ज्या घोरपडी सापडत होत्या त्या जास्त बुजऱ्या होत्या, संशोधकांना त्या दिसतच नव्हत्या, आणि शिकवण्याचा फायदा नेमका या बुजऱ्या घोरपडींमध्ये दिसून आला. रेंजर्स नसते तर ही पद्धत चालतच नाही असा निष्कर्ष निघाला असता! मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

कुठल्या प्राण्याला कसं

घोरपडींसाठी जिवंत पिल्लं सगळ्यात चांगली. याला तिकडे 'टीचर टोड' म्हणतात. जॉर्जिया वॉर्ड-फियर आणि रिक शाइन या संशोधकांच्या टीमने आधी हे एकेका घोरपडीवर करून बघितलं, ऊम्बुलगरीच्या पूरमैदानात. लांब काठीला मासे धरायची दोरी, दोरीला लहानसा टोड, आणि तो घोरपडीच्या समोर हळूच सोडायचा. घाई केली तर ती पळते, काठीची सावली अंगावर पडली तरी पळते, त्यामुळे वाऱ्याची दिशा आणि ऊन बघून उभं राहायचं आणि तिला स्वतःहून पुढे येऊ द्यायचं. ज्यांनी लहान टोड खाल्ला त्यातल्या बऱ्याच जणी नंतर मोठे टोड आल्यावरही टिकल्या, न शिकलेल्या भराभर गेल्या. हा निकाल २०१६ मध्ये छापून आला.

पण एकेक घोरपड गाठून किती शिकवणार, प्रदेश केवढा मोठा. म्हणून पुढची पायरी अशी की आघाडीच्या जरासं पुढे जाऊन पाण्यात टोडची अंडी, डिंभ (अंड्यातून निघालेली, पाण्यात पोहणारी शेपटीवाली पिल्लं) आणि अगदी छोटी पिल्लं सोडायची. म्हणजे मोठे टोड पोचतील तेव्हा काठावर नखाएवढी पिल्लं आधीच उड्या मारत असतात आणि तिथल्या घोरपडी आपापल्या शिकून मोकळ्या झालेल्या असतात. किम्बर्लीत सात ठिकाणी हा प्रयोग झाला, सुमारे २ लाख अंडी-डिंभ-पिल्लं सोडली, आणि २०२४ मध्ये निकाल आला की जिथे सोडली तिथे घोरपडी टिकल्या, जिथे सोडली नाहीत तिथे जवळपास दिसेनाशा झाल्या.

आयुष्यभर टोड मारत आलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने टोड सोडायला सांगणं, ते किती जड जात असेल याची कल्पना करा. विरोध होतोच आणि तो समजण्यासारखा आहे. म्हणून नियम कडक ठेवायचा, जिथे काही महिन्यांत टोड तसेही येणार आहेत तिथेच सोडायचे. जिथे ते पोचण्याची खात्री नाही, म्हणजे बेटं, किंवा कुठे अडवून धरता येतील अशा कोरड्या पट्ट्यांच्या पलीकडे, तिथे चुकूनही नाही. आणि अंडी-डिंभसुद्धा विषारी असतात, देशी बेडकांचे डिंभ ते खाऊन मरू शकतात, त्यामुळे कुठल्या डोहात सोडायचं हे आधी तो डोह तपासून ठरवायचं.

क्वोलसाठी सॉसेज. क्वोल म्हणजे पिशवीवाला छोटा शिकारी, अंगावर पांढरे ठिपके, वजन अर्धा-पाऊण किलो, निशाचर. उत्तरेकडचा क्वोल टोडमुळे इतका कमी झाला की २००५ मध्ये त्याला संकटग्रस्त म्हणून जाहीर करावं लागलं. सुरुवातीला पिंजऱ्यात वाढवलेल्या क्वोलना २ ग्रॅमपेक्षा लहान मेलेला टोड दिला, त्यात थायाबेंडाझोल हे मळमळ आणणारं औषध घातलेलं, मग त्यांना काकाडूत सोडलं आणि रेडिओ कॉलरने माग ठेवला. २०१० मध्ये स्टेफनी ओडॉनेल, जोनाथन वेब आणि रिक शाइन यांनी ते मांडलं, शिकलेले क्वोल न शिकलेल्यांपेक्षा जास्त काळ जगले. नंतर डीएनए तपासून असंही दिसलं की त्यातल्या काही माद्यांची पिल्लं आणि पिल्लांची पिल्लं तिथे जगतायत. हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

रानातल्या क्वोलसाठी सॉसेज असं बनवतात. मोठ्या टोडच्या मागच्या तंगड्या घ्यायच्या आणि कातडी पूर्ण सोलून काढायची, कारण विष प्रामुख्याने कातडीतल्या ग्रंथींमध्ये असतं. ग्लोव्हज आणि डोळ्यांना चष्मा हवाच, विषाचा थेंब डोळ्यात उडाला तर भयंकर आग होते. तंगड्यांचा खिमा करायचा, त्यात वासासाठी एक अख्खं छोटं पिल्लू, आणि मोजलेलं थायाबेंडाझोल. हे मुळात मेंढ्यांना जंतांसाठी देतात ते औषध, चवीला फारसं कळत नाही आणि उलटी-मळमळ आणतं पण जीव घेत नाही. औषध नीट मिसळणं हा यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गरजेचा भाग, एका सॉसेजमध्ये गोळा आणि दुसऱ्यात काहीच नाही असं झालं तर दुसरं खाणारा क्वोल शिकतो की टोड छान लागतो, म्हणजे आपणच त्याला मरणाकडे ढकललं. मग कृत्रिम आवरणात भरून फ्रीझरमध्ये. रानात ठेवायचं ते संध्याकाळी, क्वोल निघायच्या वेळेला, खडकांच्या सांध्यांत जिथे त्यांची ये-जा आहे तिथे. दुपारी ठेवलं तर मुंग्या फडशा पाडतात आणि उरलेलं उन्हात वाळून चामडं होतं.

क्वोलच्या बाबतीत एक अडचण कायमची आहे. नर एकदाच विणीचा हंगाम बघतात आणि त्यानंतर बहुतेक सगळे मरून जातात, म्हणजे दरवर्षी जवळजवळ नवीनच वर्ग समोर असतो. एकदा सॉसेज टाकून काम संपत नाही. दरवर्षी, तरुण पिल्लं आईला सोडून स्वतः शिकार करायला लागतात त्या सुमारास परत टाकावी लागतात.

मगरींसाठी पद्धत सगळ्यात सरळ. मेलेले टोड घ्यायचे (टोड पकडणाऱ्या स्वयंसेवकांकडे त्यांचे ढीग असतात, ते इथे कामी येतात), विषारी भाग कापून काढायचे, आणि आत लिथियम क्लोराइडचं इंजेक्शन द्यायचं. हे एक क्षार आहे, मगरीला त्याने काही काळ मळमळतं, नंतर ती बरी होते. मग हे टोड काठाकाठाने पाण्याजवळ दोरीने टांगायचे, आणि त्यांच्याच शेजारी साध्या कोंबडीचे तुकडे, औषध न घातलेले. कोंबडी का, तर पहिल्या दिवशी मगर दोन्ही खाते, नंतर ती टोड सोडून फक्त कोंबडी खायला लागली तर समजायचं शिकली. दोन्ही सोडलं तर ती फक्त माणसाला किंवा दोरीला घाबरली, शिकली असं म्हणता येत नाही. हा कोंबडीचा तुकडा विसरलात तर सगळी मेहनत वाया, कारण नंतर तुम्हाला कळणारच नाही की काय झालं.

बुनुबा रेंजर्स, राज्याचं वन्यजीव खातं आणि मॅक्वॉरी युनिव्हर्सिटी यांनी २०१९ ते २०२२ या काळात किम्बर्लीतल्या घळींमध्ये अशी दोन हजारांहून जास्त आमिषं लावली. जिथे टोड नुकते येत होते तिथे मगरींचे मृत्यू टळले, आणि जिथे टोड आधीच दोनेक वर्षं होते तिथे मृत्यू आधीच्या वर्षापेक्षा ९५ टक्क्यांनी कमी झाले.

लिथियम क्लोराइड खारट लागतं, हा त्याचा दोष. मगर घास न चघळता गिळते म्हणून तिथे चालून जातं, पण जो प्राणी हुंगून, चावून, चाखून खातो तो चवीवरून ओळखतो की यात काहीतरी आहे, आणि मग तो खारट टोड सोडतो आणि साधा टोड खातो. निळ्या जिभेच्या सरड्यांना मात्र लिथियम क्लोराइडचं सॉसेज देऊन शिकवता आलंय. प्राणी बदलला की आधी थोड्याच जणांवर करून बघायचं.

टोड ओळखायचा कसा

हे आधीच सांगायला हवं होतं खरं तर. देशी बेडूक टोड समजून मारले जाण्याचे आणि गोळा केले जाण्याचे प्रकार सतत होतात. मोठा टोड ओळखायला सोपा, डोळ्यांच्या वर हाडाच्या कडा, त्या नाकाकडे उतरत येतात, डोक्यामागे त्या दोन फुगीर गाठी, आणि बसतो तो पुढचे पाय ताठ करून छाती वर काढून. घोळ होतो तो पिल्लांमध्ये, कारण नखाएवढ्या पिल्लाला गाठी दिसतच नाहीत आणि काही देशी बेडूक तसेच खरखरीत असतात. खूण ही की टोडची पिल्लं दिवसाढवळ्या, भर उन्हात, पाण्याच्या कडेला शेकड्याने सापडतात. अंडी बघायची तर टोडची अंडी लांबच लांब पारदर्शक माळेत, काळे मणी ओवल्यासारखी, देशी बेडकांची बहुतेक गोळ्यात, थरात नाहीतर फेसात. डिंभ काळेकुट्ट आणि झुंडीने फिरणारे. तरीही खात्री नसेल तर फोटो काढून जाणकाराला दाखवा आणि ते होईपर्यंत हात लावू नका.

जे फसलं त्याबद्दल

२००३ मध्ये काही क्वोल टोडपासून वाचवायला उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडच्या किनाऱ्याजवळच्या टोड नसलेल्या बेटांवर नेऊन ठेवले होते. तिथे ते भरपूर वाढले. २०१६ मध्ये त्यातले काही उचलून, टोड टाळायला शिकवून काकाडूत परत सोडले. टोडचा धडा त्यांना येत होता. पण बेटावर डिंगो, म्हणजे तिकडचे रानकुत्रे, नव्हते, मांजरं नव्हती, आणि १३ पिढ्यांत ते या शिकाऱ्यांना घाबरायचंच विसरले होते. डिंगोंनी त्यांना एकेक करून संपवलं. म्हणून प्राणी बाहेरून आणून सोडणार असाल तर सोडायच्या जागी आणखी कोण टपून बसलंय ते आधी बघा, आणि जमेल तिथे आहे त्या जागी, आहे त्याच प्राण्यांना शिकवा. त्यांना बाकीचं सगळं आधीपासून येत असतं, फक्त टोड नवीन असतो.

शिकवून झाल्यावर

प्राण्यांवर नजर ठेवायला लावलेले ट्रॅप कॅमेरे (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे) काढून आणू नका. मोठे टोड पोचल्यावर पहिला पावसाळा संपेपर्यंत तरी ते तिथेच राहू द्या, आणि शेजारची एक जागा अशी ठेवा जिथे काहीच शिकवलेलं नाही, नाहीतर तुलना कशाशी करणार. एकदा टोड तिथे विणायला लागले की दरवर्षी काठावर आपोआप लहान पिल्लं येतात आणि नवीन घोरपडी त्यांच्यावरच शिकतात, म्हणजे माणसाचं काम खरं तर त्या मधल्या एक-दोन वर्षांचं असतं. मगरींच्या डोहांवर मात्र पुढच्या कोरड्या दिवसांत परत जायचं, त्याच काठावर एक टोड आणि एक कोंबडीचा तुकडा टांगायचा, आणि सकाळी वहीत लिहायचं: तारीख, डोह, पाणी किती उरलंय, काय गेलं आणि काय तसंच राहिलं.